परत ठेवलेला प्याला

माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी स्वतः कुणावर ठेवत नाही. मी एक ग्लास बोलतोय. बोटभर उंचीचा, जाड बुडाचा, तळाच्या काचेत हवेचा एक बुडबुडा अडकलेला. सध्या माझा मुक्काम कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती प्रार्थनागृहात, मागच्या खोलीतल्या मांडणीवर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात; तेव्हा मला ताटात बसवून बाहेर नेतात आणि लोक डोळे मिटून मला ओठांना लावतात. बघणाऱ्याला वाटावं, काय पुण्यवान ग्लास आहे! माझा इतिहास त्यांना ठाऊक नाही, हे बरंच आहे.

जन्म उत्तरेकडच्या कुठल्याशा काचेच्या भट्टीतला. बुडात बुडबुडा राहिला म्हणून खरं तर मला बाजूला काढायला हवं होतं, पण तपासणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. म्हणजे माणसांच्या कामावर संशय घ्यायला मी जन्मापासूनच शिकलो.

पहिली नोकरी लागली शहाडच्या एका परमिट रूममध्ये. खोबऱ्याच्या चटणीसारखा हिरवा रंग दिलेल्या भिंती, डगडगणारे पंखे, बशीत शेंगदाणे. तिथं मी माणूस शिकलो. ‘आजची शेवटची’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नाही. कुणी आईची शपथ घ्यायचा, कुणी लेकराची, कुणी देवाची. आणि शपथ घेणारा हात माझ्याभोवतीच असायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कशानं पोळलंय ते तुम्हाला कळलंच असेल. मी पाणीसुद्धा फुंकून घेतो.

त्या गर्दीतला एक हात मला वेगळा ओळखू यायचा. उत्तमचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर असलेला, तिशी ओलांडलेला, अंगानं काटक माणूस. बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं बसलेलं. हा कधी आरडाओरडा करायचा नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसायचा, मला उजेडासमोर धरून तळातला बुडबुडा बघायचा आणि म्हणायचा, “तू पण अडकलायस काय रे?” मग मला रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. जाताना पोऱ्यानं विचारलं नसलं तरी त्याला सांगायचा, “अमृताला बोललोय, सोमवारपासून बंद.” अमृता त्याची बायको. असे कितीतरी सोमवार आले आणि मला ओले करून गेले.

पुढे रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि परमिट रूम बंद झाली. टेबलं एकीकडे, पंखे एकीकडे, आम्ही ग्लास एका हातगाडीवर. कल्याणच्या बाजारात एका म्हातारीनं आम्हाला उलटंपालटं करून पाहिलं, हातगाडीवाल्याशी भावावरून कडाकडा भांडली आणि पिशवीत भरून घेऊन गेली. ती केशरबाई. सगळी वस्ती तिला केशरमावशी म्हणते.

मावशी नगरकडची. लग्न होऊन मोहन्याला आली तेव्हा इथला जुना कारखाना चालू होता आणि तिचे यजमान त्यात होते. कारखाना गेला, यजमान गेले, मावशी राहिली. इथल्या मंडळीत, म्हणजे प्रार्थनागृहाच्या लोकांत, प्रभुभोजनाचा द्राक्षारस करायचं काम तिच्याकडे, तेही ती नवी नवरी होती तेव्हापासून. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी हातानं कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, चवीला थोडी साखर. उकळायचं नाही; उकळलं की चव मरते असं तिचं ठाम मत. पूर्वी सगळी मंडळी एकाच मोठ्या प्याल्यातून घेत असे. कोरोनानंतर प्रत्येकाला वेगळा ग्लास द्यायचं ठरलं, म्हणून आमची भरती झाली.

घरी आणल्यावर तिनं आम्हाला सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवलं. मला वाटलं, हिला आमचा पूर्वीचा धंदा कळला की काय! तर तसं काही नव्हतं. कोरोनात तिचं नाक गेलं होतं आणि ते परत आलंच नव्हतं. ताज्या फिनेलचा आणि मोगऱ्याचा फरकही तिला कळत नसे. आम्ही कुठून आलो हे तिला कळायला मार्गच नव्हता.

अशा रीतीनं मी बारमधून देवाच्या दारी आलो. इथलं वातावरण बघून भुलायला मी काही नवखा नव्हतो. लोक स्वच्छ कपड्यांत यायचे, एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणायचे, पेटीवर भजनं म्हणायचे. मी मनात म्हणायचो, संध्याकाळी बघू.

मंडळीचे पाळक सलिल. वयानं तरुण, आवाज मऊ, उपदेश करताना चष्मा सारखा वर ढकलायची सवय. आणि मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे, प्रफुल्ल साळवे. बँकेतून निवृत्त झालेले. शर्टाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. पापाच्या बाबतीत दोघांचं जमत नसे. साळवेसाहेबांचं म्हणणं असं, की माणसाला शपथेनं बांधावं, त्याच्यावर नजर ठेवावी आणि चुकला तर बाजूला बसवावं. मला ते पटायचं. पहारा हाच खरा उपाय, असं माझं शहाडपासूनचं मत.

पाळक वेगळंच सांगायचे. “दातओठ खाऊन पाप जिंकता येत नाही,” ते म्हणायचे. “मूठ आवळून किती वेळ बसाल? हात दुखला की मूठ सुटते. तुम्ही नुसते रिकामे होऊ नका. पवित्र आत्म्याला आत येऊन राहू द्या. तो राहायला आला की जुन्या भाडेकरूला जागाच उरत नाही.” लोक माना डोलवायचे. ह्याला मात्र माझा आक्षेप होता. रिकामं होणं आणि भरणं ह्यात माझ्याइतका अनुभव कुणाला? एका संध्याकाळी दहा वेळा भरलो आणि दहा वेळा रिकामा झालो, पण मी होतो तोच राहिलो.

आणि मग एका रविवारी दारातून उत्तम आत आला.

तो जन्मानं ख्रिस्तीच होता, पण नाताळ सोडला तर त्यानं हे दार कधी पाहिलं नव्हतं. अमृता त्याला सोडून कोपरीला आईकडे निघून गेली होती. शेजारच्या चाळीतल्या केशरमावशीनं त्याला दोन दिवस न जेवता बसलेला पाहिला आणि हाताला धरून इथं आणलं. काही आठवड्यांनी तो सगळ्यांसमोर उभा राहून साक्ष द्यायला लागला. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते मंडळीला सांगणं. “मी पीत होतो. बायको गेली. आता प्रभूनं मला धरलंय,” असं काहीबाही तो बोलला आणि रडला. बायका डोळे पुसत होत्या. मी मांडणीवरून, उघड्या दारातून बघत होतो. नव्याचे नऊ दिवस, म्हटलं. जित्याची खोड अशी भजनांनी जात असती, तर शहाडचे बार कधीच ओस पडले असते.

पहिल्या प्रभुभोजनाला ताट त्याच्यासमोर गेलं आणि त्याचा हात नेमका माझ्यावर पडला. त्यानं मला उजेडात धरलं. बुडबुडा दिसताच चेहरा पांढराफटक झाला. उपासना संपल्यावर तो पाळकांकडे गेला. मी त्याच्या मुठीतच होतो.

“पाळकसाहेब, हा ग्लास मी ओळखतो. शहाडला मी ह्यातच प्यायचो. आईशप्पत, हाच.”

पाळक दचकले. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. पण त्यांनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, “मग दोघंही इकडे आलात म्हणायचं. मावशींना नका सांगू, त्या सगळा संच फोडून टाकतील.”

उत्तम हसला. मला मात्र राग आला. मी कुठे आलो होतो? मला आणलं होतं.

उपासनेनंतर ग्लास विसळायला तो मावशीला मदत करू लागला, म्हणून त्याच्या घरच्या गोष्टी माझ्या कानावर यायच्या. दर रविवारी इथून तो कोपरीला जायचा. अमृता त्याला लगेच घरात घेत नसे. ती दारातच उभी राहायची आणि म्हणायची, “हा कर.” त्यानं तोंड उघडून श्वास सोडायचा. तिनं वास घ्यायचा. वास नसेल तरच चहा. लग्नानंतर सहा वर्षं तिनं हेच केलं होतं. विलायची, पान, पुदिना, त्यानं काहीही चघळलं असलं तरी तिला आतला वास सापडायचा.

“राग येत नाय तुला?” मावशीनं एकदा विचारलं.

“राग कसला, मावशी. तिनं नाकावर विश्वास ठेवला म्हणून ती शाबूत राहिली. माझ्या बोलण्यावर ठेवला असता तर कधीच मेली असती.”

अमृता बाई मला न बघताच आवडली होती.

आणि माझा संशय खोटाही ठरला नाही. मार्चमध्ये कंपनीतल्या एका मित्राच्या घरी हळद होती. तिथं उत्तम प्यायला. एकदाच, पण पोटभर. पुढच्या प्रभुभोजनाला त्यानं ताट तसंच पुढे सरकवलं. ज्याच्या मनात निस्तरायचं राहिलेलं पाप आहे, त्यानं प्याला घेऊ नये, अशी इथली रीत आहे. कुणाशी वैर धरलं असेल तरी घेऊ नये. त्यामुळे कुणी प्याला नाकारला की सगळ्यांना कळतं, काहीतरी आहे. कुणी बोलत नाही, पण माना वळतात. साळवेसाहेब तर मानेबरोबर खुर्चीही वळवतात. उत्तमनं त्याच दिवशी पाळकांना सगळं सांगितलं, कोपरीला जाऊन अमृतालाही सांगितलं. त्या रविवारी त्याला दाराबाहेरूनच परत यावं लागलं.

मी म्हटलं, बघा, झालं की नाही! पण मला एक गोष्ट खटकली. बारमध्ये घसरलेला माणूस कधी आपणहून सांगायला जात नसे.

एप्रिलमध्ये अमृताचा निरोप आला. ती एकदा उपासनेला येणार होती. मागे बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती, आणि मग ठरवणार होती की मोहन्याला परत यायचं की कोपरीलाच राहून कायमचं वेगळं व्हायचं. तिची आई तर वकील बघून बसली होती. दिवस ठरला मे महिन्याचा पहिला रविवार. उत्तमनं खोलीला रंग द्यायला घेतला. स्वतःच्या खोलीला, प्रार्थनागृहाच्या नव्हे. मावशीला म्हणाला, “ह्या वेळेला नाय जमलं तर परत संधी नाय.”

पण आदल्या दिवशी पाळकांचे काका जालन्याला वारले आणि ते तिकडे गेले. प्रभुभोजन एक रविवार पुढे ढकललं. अमृतानंही पुढचाच रविवार धरला.

इथंच सगळी गफलत झाली. मावशीचा रस आधीच तयार होता. तिचा फ्रिज दुरुस्तीला गेलेला. प्रभूच्या मेजासाठी केलेलं फेकायचं कसं, म्हणून तिनं बरणीला घट्ट झाकण लावलं, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि बरणी ह्याच मांडणीवर, माझ्या शेजारी आणून ठेवली. मे महिन्यातलं मोहने तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, पत्र्याखालच्या ह्या खोलीत मेणबत्त्या आपोआप वाकतात. दोन दिवसांनी बरणीतून बारीक चुळचुळ ऐकू यायला लागली. चौथ्या दिवशी झाकण हळूच उचललं गेलं आणि फुस्स करून बसलं. मी लगेच ओळखलं. हा आवाज आणि हा वास माझ्या जुन्या गावचा होता.

रविवारी सकाळी मावशीनं झाकण काढलं, वर आलेला फेस चमच्यानं बाजूला केला, बोट बुडवून चाखलं आणि पुटपुटली, “औंदा मनुका आंबटच आल्यात.” साखर वाढवली. आणि आम्हाला भरलं.

खरं सांगू? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आता कळेल. शपथा, साक्षी, आत्मा, सगळं आज ह्या एका घोटात उघडं पडेल. परमिट रूममध्ये मी शेकडो माणसांची परीक्षा पाहिली होती. एकही पास झालेला नव्हता.

अमृता शेवटच्या रांगेत बसली होती. निळा पंजाबी ड्रेस, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ताट तिच्यासमोर गेलं तेव्हा तिनं मान हलवली. नवऱ्याबद्दल मनात जे होतं ते घेऊन प्याला घ्यायला ती तयार नव्हती. मला तेही आवडलं.

ताट उत्तमसमोर आलं. त्याच्या बोटांनी मला शोधून उचललं. इथं सगळ्यांनी ग्लास हातात धरून थांबायचं असतं, पाळकांनी प्रार्थना केली की एकदम घ्यायचं. बाकीचे थांबले होते ते अजाणपणे. ह्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. रस आंबट आहे की आणखी काही, हे त्यांना कळणार नव्हतं. उत्तमनं मला छातीशी धरलं आणि त्याच क्षणी वास त्याच्या नाकात शिरला. त्याची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली. हे घट्ट होणं मी पूर्वी हजारदा अनुभवलंय. त्यानंतर काय होतं ते मला पाठ आहे.

त्यानं मला वर नेलं. ओठांच्या इतक्या जवळ, की त्याच्या श्वासानं माझी कड धुरकट झाली. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्याचं, त्यानं आवंढा गिळल्याचं मला ऐकू आलं. पाळकांची प्रार्थना संपत आली होती. आजूबाजूच्या माना मागे झुकल्या. आणि तेव्हा तो अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, “बापा, मला जमत नाय. मला खरंच जमत नाय.”

आणि त्यानं मला ताटात परत ठेवलं. भरलेला, काठोकाठ.

मी चक्रावलो. ‘मला जमेल’, ‘मी एका फटक्यात सोडू शकतो’, ‘माझा कंट्रोल आहे’ असं म्हणणारे मी ढिगानं पाहिलेत, आणि ते म्हणून झाल्यावर सगळ्यांनी मला तोंडाला लावलं. ‘मला जमत नाही’ म्हणणारा हा पहिला, आणि त्यानं मला खाली ठेवलं होतं. हिशोब काही केल्या जुळेना. पाळक म्हणत होते तो आत्मा तिथं होता का? मला तर एकच हात लागत होता. पण तो हात मला चांगला ओळखीचा आहे, आणि एवढी ताकद त्या हातात नव्हती, एवढं मी कुठंही सांगेन.

माना वळल्याच. शेवटच्या रांगेतून अमृतानं पाहिलं. साळवेसाहेबांनीही पाहिलं.

आशीर्वाद होताच साळवेसाहेब उत्तमला मागच्या खोलीत घेऊन आले. आमची ताटं तिथंच मेजावर होती. उरलेला रस मोरीत ओतायचा नसतो, प्यायचा किंवा झाडाच्या मुळाशी घालायचा. साहेबांनी आपल्या ताटातले उरलेले तीन-चार ग्लास भक्तिभावानं संपवले होते. त्यांचा आवाज त्या दिवशी जरा चढलेला होता. मी काही म्हणत नाही.

“उत्तम, हे दुसऱ्यांदा होतंय,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात तू प्याला सोडलास, तेव्हा कारण काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आता काय आहे?”

“काय नाय, साहेब.”

“काही नसताना कुणी प्रभूचा प्याला परत ठेवत नाही. काल कुठे होतास?”

“घरी. भिंतीला रंग मारत होतो.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं, ह्याच्याकडून शपथ घ्या, ह्याला प्रभुभोजनाच्या सहभागितेतून काही महिने बाजूला ठेवा. पाळकसाहेब ऐकत नाहीत. आज तर तू बायकोसमोर...” त्यांनी वाक्य तोडलं, कारण अमृता दारात उभी होती.

उत्तम एका शब्दात सुटू शकत होता. ‘रस आंबलाय, साहेब, वास घेऊन बघा.’ बस्स, एवढंच. मी वाट बघत होतो. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला केशरमावशी फडकं पिळत उभी होती आणि त्याची नजर तिच्याकडे जाऊन परत आली. तो खाली बघत राहिला.

“मी निघते,” अमृता म्हणाली. “हा कर पण म्हणत नाय आता. कशाला? आईला सांगते, वकिलाला फोन कर.”

उत्तमचा चेहरा पडला. तरी तो बोलला नाही. माझी इच्छा होती की तो बोलावा. हे मी लिहून देतो, कारण मला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

“अगं, अशी उपाशी नको जाऊ,” मावशी लगबगीनं पुढे आली. तिला भांडणाचा अंदाज होता, पण कारण माहीत नव्हतं. “प्रसन्न मन नसेल तर नको घेऊ प्याला म्हणतात, पण पोरी, प्रभू मनं जोडायलाच देतो तो. हे बघ, हा भरलेला राहिलाय. तू घे. माझ्यासाठी घे.” आणि तिनं मलाच उचलून अमृताच्या हातात दिलं.

म्हातारीचं मन मोडवेना म्हणून अमृतानं मला ओठांकडे नेलं. सहा वर्षांची सवय तिच्या नाकातून जाईल कशी? ओठांआधी नाक आलं. ती थांबली. पुन्हा एकदा वास घेतला, खोल. मग सावकाश मान वर करून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

उत्तमनं मान हलवली. अगदी थोडी. नको बोलू.

“हे होतं म्हणून ठेवलास?” तिनं हळू विचारलं.

त्याची नजर पुन्हा मावशीकडे गेली.

“आणि मी वकिलाकडे निघाले तरी गप्प बसलास? कुणासाठी?”

“नंतर बोलू, अमृता. प्लीज.”

मावशीचं नाक गेलंय, कान गेलेले नाहीत. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. “काय आहे त्या ग्लासात? ए पोरी, मला वास येत नाय. पण तुझं तोंड मला वाचता येतंय. सांग.”

अमृतानं एकदा उत्तमकडे पाहिलं, मग मला मेजावर ठेवून मावशीचे दोन्ही हात धरले. “मावशी, रस आंबलाय. ह्याची दारू झालीय.”

मावशी मटकन खुर्चीत बसली. “म्हणजे मी... सगळ्या मंडळीला? प्रभूच्या मेजावरून?” तिनं हात सोडवून पदर डोळ्यांना लावला. “आणि ह्या लेकराला पण? ज्यानं एवढ्या कष्टानं...”

“मी घेतलाच नाय ना मावशी,” उत्तम तिच्यासमोर उकिडवा बसला. “तुझी काय चूक? फ्रिज बंद, गर्मी ही अशी. नको रडू.”

“बोलला का नाहीस तू?” हे साळवेसाहेब. आवाज आता पार उतरला होता.

“सगळ्यांसमोर मावशीचं नाव घेऊन सांगू, की हिनं दारू वाटली? इतक्या वर्षांचं तिचं काम आहे ते.” तो उठून उभा राहिला. “आणि साहेब, खरं बोलू का? मला लय इच्छा झालेली. तोंड उघडायची भीती वाटली मला. बोलायला उघडलं असतं आणि आधी तोच आत गेला असता तर?”

“मग ठेवलास कसा?” अमृतानं विचारलं.

“माहीत नाय. मी हरलेलो. वर सांगितलं, मला जमत नाय. मग हात खाली आला.”

साळवेसाहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. घडी मोडली तरी त्यांना कळलं नाही. “उत्तम, मी जरा...” म्हणाले आणि पुढचं न बोलता बाहेर जाऊन खुर्च्या उचलू लागले. माफी मागायची त्यांची पद्धत असावी. तेवढ्यात पाळक आत आले. सगळं ऐकून घेतलं, मावशीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. उपदेश केला नाही, हे विशेष. मग मला आणि बरणीला घेऊन आवारातल्या बदामाच्या मुळाशी गेले आणि आम्हाला तिथं रिकामं केलं.

अमृता त्या दिवशी मोहन्याला राहिली नाही. मला तेच योग्य वाटलं. एका दिवसावर संसार उभा करू नये. पण वकिलाला फोन गेला नाही. जूनमध्ये ती एक बॅग घेऊन आली, नंतर दुसरी. दुसरी बॅग आणायला उत्तम स्वतः कोपरीला गेला होता आणि सासूनं त्याला जेवू घातलं, असं ऐकलं.

मावशीनं मात्र हट्ट धरला, रसाचं काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. पाळकांनी विचारलं, मग कोण करेल? ती म्हणाली, “उत्तम. मंडळीत त्याच्यासारखं नाक कुणाचंय?” साळवेसाहेब दचकून उभेच राहिले. इतरही कुजबुजले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं कुणीतरी म्हणालंच. माझंही मत, प्रामाणिकपणे, तेच होतं. उत्तम स्वतः नको म्हणाला. मावशी म्हणाली, “तुला जमणार नाय हे तुला माहीताय. म्हणूनच तुला सांगतेय.”

तर आता असं चालतं. शनिवारी दुपारी उत्तम येतो, मनुका कुस्करतो, गाळतो आणि मावशीच्या मताविरुद्ध रस चांगला उकळतो. बरणी नव्या फ्रिजमध्ये जाते. रविवारी सकाळी तो एकटा ह्या खोलीत येतो, झाकण काढतो आणि नाक खाली नेतो. त्या वेळी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं की कळतं, त्याची लढाई संपलेली नाही. कधीकधी तो बराच वेळ तसाच उभा राहतो. मग काहीतरी पुटपुटतो आणि आम्हाला भरायला घेतो. पाळक म्हणतात, आत्म्यानं चालणं हे असंच असतं, रोज नव्यानं पाऊल टाकायचं. असेल. मी अजून खात्री देत नाही. उद्या तो पुन्हा घसरला तर मला नवल वाटणार नाही. पण घसरला नाही, तरी आता वाटणार नाही.

आणि तो आत असतो तेव्हा अमृता बाहेर पायरीवर बसलेली असते, मावशीला मटार सोलून देत, दाराकडे पाठ करून. दार उघडंच असतं. तिला नुसती मान वळवली तरी दिसेल. ती वळवत नाही. ते तिला किती जड जातं हे तिच्या पाठीकडे बघून मला कळतं. तीसुद्धा काहीतरी पुटपुटते.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. कधी मोहन्याला आलात, रविवारी सकाळी ह्या प्रार्थनागृहात डोकावलात, आणि मागच्या खोलीत एक माणूस बरणीवर वाकलेला दिसला, तर दारात उभे राहून त्याला तपासू नका. संशय घ्यायला मी आहे, फळीवर, पूर्ण वेळ. तुम्ही बाहेर जाऊन अमृताशेजारी बसा.